यीशिंगची स्वस्त किटली ऑनलाइन घेताना: आतला फोटो आधी मागावा

'चिनी माती' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या, चकचकीत कपबश्या येतात. येथे ज्या किटल्यांविषयी लिहायचे आहे, त्या मात्र तपकिरी, लालसर किंवा पिवळसर मातीच्या असून त्यांना सहसा आतबाहेर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतो. चीनच्या जिआंगसू प्रांतातील यीशिंग हे त्यांचे माहेर. तेथील 'झिशा' माती भाजल्यावरही किंचित सच्छिद्र राहते आणि वापरता वापरता चहाचा वास धरू लागते. म्हणूनच या किटलीत दुधाचा चहा करू नये आणि ती गॅसवरही ठेवू नये. तिच्यात फक्त पत्ती आणि गरम पाणी घालावे.

सर्वप्रथम मापाकडे पाहावे. फोटोत भरदार दिसणारी किटली हातात आल्यावर लिंबाहून थोडीशीच मोठी निघते, त्यामुळे मिलिलिटरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. एकदोघांसाठी 120 ते 150 मिली पुरते.

त्यानंतर जाहिरातीतील विशेषणे बाजूला काढावीत. हजार-दोन हजार रुपयांच्या किटलीवर 'संपूर्ण हातकाम', 'मूळ खाणीची माती' किंवा गू जिंगझोऊ (1915–1996) यांच्यासारख्या थोर कारागिराचा शिक्का दिसला, तर तो दावा खोटा समजून पुढे जावे. प्रमाणपत्र छापणे हे खोके छापण्याइतकेच सोपे असते. याउलट, साच्यात अंग दाबून तोटी आणि कान हाताने जोडलेली 'अर्धी हातकामाची' किटली, असे जो विक्रेता सरळ सांगतो, त्याच्याकडून घेण्यास हरकत नाही.

आता मुख्य तपासणी. विक्रेत्याकडे झाकण काढून उजेडात घेतलेला आतील फोटो मागावा. साच्यात दाबलेल्या किटलीत आत सांध्याची पुसट उभी रेघ किंवा हत्याराचे ओरखडे आढळतात. पातळ चिखल साच्यात ओतून केलेल्या किटलीत भिंत सर्वत्र गुळगुळीत असते आणि कान जेथे चिकटतो तेथे आतून बरेचदा छोटा खळगा दिसतो. अशी किटली स्वस्तातही घेऊ नये, कारण ओतकामाच्या चिखलात तो वाहता राहावा म्हणून सोडियम सिलिकेट हे रसायन मिसळतात आणि मातीचा मूळ पोत त्यात हरवतो. मात्र आत गोल फिरणाऱ्या रेघा दिसल्या म्हणून लगेच नाक मुरडू नये. ग्वांगडाँगमधील चाओझोऊच्या लाल किटल्या आणि युन्नानमधील जिआनशुईच्या किटल्या चाकावर घडवतात, तेव्हा तेथे त्या रेघा स्वाभाविकच असतात. माझ्या मते कमी पैशांत खरी कारागिरी हवी असल्यास यीशिंगच्या नावामागे न लागता चाओझोऊची साधी किटली पाहावी.

रंग भडक निळा किंवा हिरवा असेल, तर सावध राहावे. झिशा मातीत रासायनिक रंगद्रव्ये मिसळली जात असल्याचे 2010 मध्ये चीनच्याच सरकारी दूरचित्रवाणीने दाखवले होते.

भारतातून खरेदी करताना आणखी एक अडचण येते. अलीएक्स्प्रेस या चिनी ऑनलाइन बाजारावर नोव्हेंबर 2020 पासून येथे बंदी आहे. परदेशी दुकानातून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवावी. शंभर ग्रॅमची वस्तू त्यामुळे बरीच महाग पडू शकते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. मग किटलीत उकळते पाणी ओतून झाकण लावावे आणि दोन मिनिटांनी वास घ्यावा. नव्या माठासारखा मातकट वास आला तर चिंता नाही. माझ्या पहिल्या किटलीला बुटाच्या पॉलिशसारखा वास आला आणि तीन वेळा पाण्यात उकळूनही तो गेला नाही. पुढे ओतून पाहावे: धार एकसंध पडावी आणि किटली सरळ करताच थांबावी, तोटीखालून ओघळ येऊ नये. झाकणावरचे छिद्र बोटाने दाबल्यावर धार थांबली तर झाकण घट्ट बसते असे समजावे, पण स्वस्त किटलीत थोडे थेंब गळले म्हणून ती परत पाठवण्याची गरज नाही. ही सारी परीक्षा साध्या पाण्यावरच उरकावी. चहाचा डाग पडलेली किटली परत घेण्यास विक्रेते सहसा राजी होत नाहीत.