लार्चच्या जंगलाची ठेवण कशी तपासावी

लार्च सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यात पाने गाळतो, आणि पाहणीला गेलेल्या नवख्या माणसाची पहिली फसगत येथेच होते. सुया सोनेरी होऊन गळाल्या की निरोगी झाडही वाळलेले दिसते आणि भरगच्च छत्रातही, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी धरलेल्या छपरातही, पोकळ्या भासू लागतात. म्हणून पाहणी सुया हिरव्या असतानाच करावी. ते जमण्यासारखे नसेल, तर एखादी डहाळी वाकवून नखाने खरवडावी. जिवंत डहाळी लवते आणि सालीखाली हिरवी निघते.

बहुतेक जण लगेच मोजपट्टी काढून अंतरे मोजू लागतात. माझ्या मते आधी वणव्याच्या खुणा शोधाव्यात, कारण कोणती झाडे एका पिढीची आहेत हे कळल्याखेरीज अंतराच्या आकड्यांना अर्थ येत नाही. उतारावरच्या जुन्या झाडांच्या बुंध्यांची चढाकडची बाजू पाहावी. तेथे पालापाचोळा साठतो, ज्वाळा रेंगाळतात आणि साल जळून जमिनीपासून वर निमुळता होत जाणारा त्रिकोणी व्रण राहतो. गडगडत आलेल्या दगडाचा घावही याच बाजूला बसतो, त्यामुळे कोळशाचा काळा थर आणि शेजारच्या झाडांवर त्याच वर्षाचे व्रण आढळल्याशिवाय वणव्याची नोंद करू नये. वय काढण्यासाठी पोकळ गिरमिटाने लाकडाची बारीक कांडी शक्य तितकी जमिनीलगत घ्यावी. छातीच्या उंचीवर घेतली, तर रोपाची सुरुवातीची वर्षे हिशेबातून निसटतात.

वणव्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. उत्तर अमेरिकेतील पश्चिमी लार्चची बुंध्याजवळची साल फार जाड असते, खालच्या फांद्या आपोआप झडतात, आणि सुया दरवर्षी नव्या येत असल्याने करपलेले छत्रही पुन्हा हिरवे होऊ शकते. तेथे वणव्यातून वाचलेले उंच वृक्ष विखुरलेले आणि त्यांच्या मधल्या जागेत तरुण पिढी, असे दृश्य दिसते. पूर्व सायबेरियात कायम गोठलेल्या जमिनीमुळे मुळे उथळ राहतात. शेवाळ आणि पाचोळा जळताना तीही भाजतात, आणि आग छत्रापर्यंत पोहोचली नाही तरी झाड मरते. मग उघड्या मातीवर एकाच वयाची रोपे दाटीने उगवतात. चीनच्या ईशान्येकडील बृहद् खिंगान पर्वतरांगेत मे १९८७ मध्ये लागलेल्या वणव्याने १० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जाळले. अशा ठिकाणी जळण्याची तीव्रता जागोजागी वेगळी असते, म्हणून एकाच नमुना-क्षेत्रावरून निष्कर्ष काढू नये.

आता अंतर. ५० मीटर बाजूचा चौरस आखून प्रत्येक खोडाची जागा नकाशावर मांडावी. उभी वाळलेली झाडे आणि उरलेले खुंटही सोडू नयेत, कारण गर्दीत हरलेली झाडे तीच असतात. प्रत्येक झाडापासून सर्वांत जवळच्या झाडाचे अंतर मोजून सरासरी काढावी. क्लार्क आणि इव्हान्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, झाडे यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही नियमाविना, विखुरलेली असती तर ही सरासरी किती आली असती, ते दर चौरस मीटरमागील झाडांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने अर्ध्याला भागल्यास मिळते. चौरसात १०० झाडे असतील, तर घनता ०.०४, वर्गमूळ ०.२ आणि अपेक्षित अंतर २.५ मीटर. प्रत्यक्ष सरासरी १.५ मीटर आली, तर गुणोत्तर ०.६ होते, म्हणजे झाडे घोळक्याने उभी आहेत. १ पेक्षा बरेच जास्त आले, तर ती एकमेकांपासून अंतर राखून आहेत. कडेच्या झाडाचा खरा शेजारी चौरसाबाहेर असू शकतो, म्हणून भोवतीच्या पट्ट्यातील झाडेही शेजारी म्हणून धरावीत. ही आकडेमोड प्रत्येक पिढीसाठी वेगळी करणे महत्त्वाचे आहे. रोपे घोळक्याने उगवतात आणि पुढे स्पर्धेने विरळ होतात. तरुण आणि जुनी अशा दोन्ही पिढ्या एकत्र मोजल्या, तर एकीचा घोळका आणि दुसरीचे राखलेले अंतर मिसळून जंगल यादृच्छिक असल्याचा भास होतो.

त्यानंतर छत्रातील पोकळ्या. पोकळीची सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनातील रुंदी घेऊन लंबवर्तुळाच्या सूत्राने (लांबी × रुंदी × π ÷ ४) क्षेत्रफळ काढावे: २० आणि १२ मीटर असतील, तर सुमारे १८८ चौरस मीटर. भोवतीच्या झाडांची उंचीही लिहावी, कारण उंच भिंतीतल्या लहान पोकळीत ऊन पोहोचत नाही, आणि लार्च सावली सोसत नाही. उत्तर गोलार्धात पोकळीच्या उत्तर भागाला ऊन अधिक मिळते, म्हणून रोपे कोणत्या बाजूला आहेत तेही नोंदवावे. पुरेसे ऊन असूनही रोपे नसतील, तर पाचोळ्यात सुरी खुपसून थराची जाडी मोजावी. लार्चचे बारीक पंखधारी बी जाड शेवाळावर सहसा तग धरत नाही, त्याला उघडी माती लागते. वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाच्या मुळांशी उपसलेल्या ढिगाऱ्यावर मात्र ते रुजलेले सापडते.

अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणण्याचे धोरण स्वीकारले. वणवे असे रोखले गेल्याने तेथील लार्चखाली आज अनेक ठिकाणी फर आणि डग्लस फर हे सावली सोसणारे सूचिपर्णी वृक्ष दाटलेले आहेत, आणि पोकळी पडली तरी ती आधी त्यांच्याच ताब्यात जाते. अशा जागी वहीत शेवटच्या व्रणाचे वर्ष लिहून त्याशेजारी सर्वांत कोवळ्या लार्चच्या उगवणीचे वर्ष लिहावे.