आयटीत शिरायचंय, तर पहिलं सर्टिफिकेशन कोणतं आणि त्याची तयारी कशी करायची

"कोणतं सर्टिफिकेट करू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, काम कोणतं करायचंय? बहुतेक वेळा उत्तर येतं "आयटीत काहीही चालेल", आणि घोळ इथेच सुरू होतो, कारण काहीही चालेल म्हणणारा माणूस मग ज्याची जाहिरात जास्त दिसते तो कोर्स घेऊन बसतो, तो संपला की दुसरा, आणि शेवटी हातात चार-पाच पीडीएफ असतात पण इंटरव्ह्यूचा कॉल एकही नसतो.

म्हणून कोर्स शोधायच्या आधी एक संध्याकाळ काढा. जॉब साइटवर जा, फ्रेशर किंवा एंट्री लेव्हलचा फिल्टर लावा आणि वीस-पंचवीस जाहिराती नुसत्या वाचून काढा, अप्लाय अजून करू नका. वही घ्या आणि कुठला शब्द परत परत येतोय ते लिहा: ॲक्टिव्ह डिरेक्टरी, लिनक्स, एसक्यूएल, राउटिंग, टिकेटिंग टूल (तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर), जे असेल ते. कुठल्या कामाचं वर्णन वाचून "हे मी रोज करू शकेन" असं वाटलं तेही लिहा. या एका पानावरून तुमचं सर्टिफिकेशन जवळपास ठरतं.

आता सरळ सांगतो. कॉम्प्युटर नीट वापरता येतो पण आत काय चालतं ते माहीत नाही, आणि सपोर्ट किंवा हेल्पडेस्कचं काम चालेल, तर कॉम्पटियाचं (आयटीच्या परीक्षा घेणारी संस्था) ए प्लस. यात दोन पेपर असतात, कोअर १ आणि कोअर २, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. स्कोअर १०० ते ९०० मध्ये मोजतात, पहिल्याला पास व्हायला ६७५ लागतात आणि दुसऱ्याला ७००. दोन्ही पेपर एकाच सिरीजचे हवेत, जुन्यातला एक आणि नव्यातला एक असं चालत नाही, त्यामुळे पुस्तक किंवा व्हिडिओ घेताना वरचा कोड नक्की बघा, २०२५ मध्ये नवीन सिरीज आलीय २२०-१२०१ आणि २२०-१२०२ अशी, आणि जुनं मटेरियल अजून सगळीकडे पडलेलं आहे.

अगदीच नवखे असाल तर आधी गुगलचा आयटी सपोर्टचा कोर्स करा, कोर्सेरावर २०१८ पासून आहे. चांगला कोर्स आहे, पण त्याच्या शेवटी मिळतो तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. कुणीतरी कॅमेऱ्यातून बघतंय आणि तुम्ही घड्याळ लावून पेपर देताय असा प्रकार त्यात नाही, आणि भरती करणाऱ्यांना हा फरक कळतो. ए प्लसची पायाभरणी म्हणून तो धरा.

नेटवर्किंग आवडत असेल तर सिस्कोचं (नेटवर्कची उपकरणं बनवणारी कंपनी) सीसीएनए. परीक्षेचा कोड २००-३०१, वेळ १२० मिनिटं. हे अवघड आहे हो, सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचं गणित) कागदावर धडाधड जमेपर्यंत पेपरच्या वाटेला जाऊ नका. आयपी पत्त्यापुढे स्लॅश २६ (तुकडा केवढा ते सांगणारा आकडा) दिसला की ६४ पत्ते, त्यातले वापरता येणारे ६२, हे विचार न करता तोंडातून यायला हवं. प्रॅक्टिससाठी सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर, म्हणजे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, राउटर विकत घ्यायची काहीच गरज नाही.

क्लाउडबद्दल (इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे सर्व्हर) जरा कडू बोलतो. ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, क्लाउड प्रॅक्टिशनर (६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० ला पास, आणि त्या ६५ मधले १५ प्रश्न मार्कांत धरतच नाहीत, फक्त कुठले १५ ते सांगत नाहीत) किंवा मायक्रोसॉफ्टचं एझेड-९००, या दोन्ही परीक्षा क्लाउडचे शब्द शिकवतात, काम नाही. सेल्सवाले, मॅनेजरसुद्धा त्या देतात. सुरुवात म्हणून उत्तम, पण एवढ्यावर क्लाउड इंजिनिअर म्हणून कुणी घेईल ही अपेक्षा सोडा, त्याच्या पुढची पायरी म्हणजे एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ करावीच लागते आणि ती करताना लिनक्स आणि नेटवर्क आलं नाही तर दमछाक होते.

सिक्युरिटी म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस चांगलंच आहे, पण कॉम्पटिया स्वतःच म्हणते की आधी नेटवर्क प्लस (त्यांचीच नेटवर्किंगची परीक्षा) आणि दोन वर्षांचा अनुभव असलेला बरा. सक्ती नाही, पण सल्ला खोटा नाही. ज्या नेटवर्कचं रक्षण करायचं ते चालतं कसं हेच माहीत नसेल तर लॉगमध्ये, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदींत, काय बघणार? आणि प्रोग्रामिंगमध्ये जायचं असेल तर सर्टिफिकेशनच्या मागे वेळ घालवू नका, दोन-तीन चालणारे प्रोजेक्ट बनवा, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाका, तेच बघतात.

एक ठरलं की बाकीची सगळी टॅब बंद करा. मग त्या परीक्षेच्या अधिकृत साइटवरून ऑब्जेक्टिव्ह्जची पीडीएफ उतरवा, ती फुकट असते, आणि बरेच जण ती उघडतही नाहीत याचं मला कायम आश्चर्य वाटतं. पेपर काढणारे काय विचारणार ते त्यांनीच लिहून ठेवलेलं असतं, कुठल्या भागाला किती टक्के वजन तेसुद्धा. ए प्लसच्या कोअर १ मध्ये हार्डवेअर आणि नेटवर्कमधले बिघाड शोधण्याच्या भागाला एक चतुर्थांशापेक्षा जास्त वजन आहे, आणि लोक मात्र केबलची नावं पाठ करण्यात आठवडे घालवतात. पीडीएफची प्रिंट काढा, प्रत्येक ओळीपुढे तीन खुणांपैकी एक करा: माहीत आहे, ऐकलंय, गंध नाही. अभ्यास तिसऱ्यापासून सुरू. व्हिडिओसाठी कॉम्पटियाच्या परीक्षांना प्रोफेसर मेसरचा पूर्ण कोर्स यूट्यूबवर फुकट आहे, तेवढा पुरतो, तीन शिक्षकांचे तीन कोर्स घेऊन प्रत्येकाचे पहिले दहा व्हिडिओ बघणं बंद करा.

आता मुख्य भाग, लॅब. मी यावरच जास्त बोलणार कारण व्हिडिओ बघणं म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचणं, डोक्यात सगळं बसतं आणि पाण्यात काहीच जमत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, ते टाका; त्याने तुमच्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवता येतो. मायक्रोसॉफ्ट विंडोज एंटरप्राइज ९० दिवसांसाठी ट्रायल म्हणून देतं, ते एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि उबुंटू दुसऱ्यात. ८ जीबी रॅम असली तरी एका वेळी एक मशीन चालतं, हळू चालेल पण चालेल. सगळं सेट झालं की स्नॅपशॉट घ्या, म्हणजे नंतर वाटेल ते बिघडवलं तरी एका क्लिकमध्ये परत जागेवर.

आणि मग मुद्दाम बिघडवा. उदाहरण घ्या. विंडोजच्या मशीनचं नेटवर्क सेटिंग व्हर्च्युअलबॉक्समधून बदलून इंटर्नल नेटवर्क करा, म्हणजे बाहेरचं जग तुटलं. आत जाऊन कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) मारा, थोड्या वेळाने पत्ता दिसेल १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे काय झालं? मशीनने पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग त्याने स्वतःच स्वतःला पत्ता दिला. आता सेटिंग परत नॅटवर (तुमच्या कॉम्प्युटरमार्फत नेट देणारं सेटिंग) आणा, आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू द्या, पत्ता येईल १०.०.२.१५ किंवा तसाच काहीतरी. पुढे डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) जागी हाताने चुकीचा पत्ता टाका. ब्राउझरमध्ये काहीच उघडणार नाही, पण ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर उत्तर येतं. म्हणजे नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता सापडत नाहीये, आणि एनएसलुकअप (डीएनएस तपासायची कमांड) मारलं की ते पक्कं होतं. "नेट चालत नाही" ही एकच तक्रार, पण बिघाड दोन वेगळे, आणि दोन मिनिटांत वेगळे ओळखता आले. असा प्रश्न परीक्षेत येतो, इंटरव्ह्यूत येतो आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तर येतोच येतो.

प्रत्येक बिघाड झाला की पाच ओळी लिहा: तक्रार काय होती, मला काय वाटलं, काय तपासलं, काय बदललं, नीट झालं हे कसं पाहिलं. कॉम्पटियाच्या ट्रबलशूटिंगच्या पद्धतीतही शेवटची पायरी नोंद ठेवण्याची आहे. अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की एका पानावर नीट मांडा आणि लिंक रेझ्युमेत द्या. अनुभवाच्या रकान्यात "होम लॅब" म्हणून ते खुशाल लिहा, फक्त जे केलंय तेवढंच लिहा कारण दुसरा प्रश्न त्यावरच येतो.

परीक्षेची तारीख कधी घ्यायची? प्रॅक्टिस टेस्टमध्ये सलग ८० टक्क्यांच्या वर यायला लागलात की लगेच, "अजून थोडं" करत बसलात तर महिने जातात. टेस्ट देताना चुकलेला प्रश्नच नाही तर बरोबर आलेला पण अंदाजाने मारलेला प्रश्नही परत बघा. आणि डंपच्या नादी लागू नका. खऱ्या पेपरमधले प्रश्न विकणाऱ्या साइट्स असतात, पकडले गेलात तर सर्टिफिकेशन रद्द होतं आणि पुढे परीक्षेला बंदीही येऊ शकते, शिवाय पाठ करून पास झालेला माणूस इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत उघडा पडतो.

पेपर घरून देता येतो पण जमत असेल तर सेंटरवर द्या असं माझं मत. घरी टेबल रिकामं लागतं, खोलीचे फोटो द्यावे लागतात, मध्येच कुणी दार उघडून आलं किंवा नेट गेलं तर सगळंच बोंबलतं. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत तेच हवं, हे आठवडाभर आधी बघा. कॉम्पटियाच्या पेपरात सुरुवातीलाच हाताने करून दाखवायचे प्रश्न येतात आणि ते वेळ खातात, ते फ्लॅग करून पुढे जा, बाकीचे सोडवून मग परत या.

नापास झालात तर रिपोर्टमध्ये कुठले भाग कच्चे राहिले ते येतं, तो पीडीएफशेजारी ठेवा. पुन्हा बसायचे नियम वेगवेगळे: कॉम्पटियात दुसऱ्यांदा बसायला थांबावं लागत नाही, तिसऱ्या वेळेपासून १४ दिवस. एडब्ल्यूएसमध्ये दर वेळी १४ दिवस, मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्यानंतर २४ तास. फी मात्र बहुतेक वेळा परत भरावी लागते. पास झालात तर डिजिटल बॅज आला की लगेच प्रोफाइलला लावून त्या वहीतल्या जाहिराती आता अप्लाय करायला उघडा. ए प्लस, सीसीएनए आणि क्लाउड प्रॅक्टिशनर तीन वर्षं टिकतात, एझेड-९०० ला मुदत नाही, आणि तीन वर्षांच्या आत नेटवर्क प्लस केलं तर ए प्लस आपोआप रिन्यू होतं, वेगळा पेपर द्यावा लागत नाही.