न वाचलेली पुस्तकं पावसाआधी बाहेर काढा

गोव्यात न वाचलेलं पुस्तक नुसतं पडून राहत नाही, ते खराब होतं. गेल्या जुलैत खालच्या रांगेतला एक कथासंग्रह ओढून काढला, तर त्याचं मागचं कव्हर चिऱ्याच्या भिंतीलाच चिकटून राहिलं. आतलं एकही पान मी वाचलं नव्हतं. फार वाईट वाटलं. आता आवराआवर मे महिन्यातच करतो.

एका वेळी एकच रांग घ्या. पुस्तकं कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली उघडी ठेवा. कडक उन्हात घालू नका, कागद पिवळा पडतो. कसर दिसलेलं पुस्तक वेगळं काढा. परत लावताना भिंतीपासून चार बोटं जागा सोडा आणि गच्च कोंबू नका.

पुसता पुसता प्रत्येकाची पहिली दहा पानं वाचा. इथे अजिबात घाई नको, सगळी निवड यावरच होते. अकरावं पान उलटावंसं वाटलं, तर ते पुस्तक या पावसाळ्याचं. कोश, गावाचा इतिहास अशी पुस्तकं परत कपाटात जातील. ती सलग वाचायची नसतातच, त्यांचं ओझं मनावर घेऊ नका. बाकीची गावच्या वाचनालयाला द्या, पण आधी विचारून. जागेची अडचण त्यांनाही असते.

पावसाळ्यासाठी नऊच पुस्तकं ठेवा. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. रोज २० पानं धरली तर २४४० होतात. अडीचशे पानांची नऊ पुस्तकं त्यात बसतात आणि वर नऊ दिवस उरतात. ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला लागतात, तेव्हा घरात वाचायला कुणाला फुरसत असते?

माझी वीस पानं मडगाव-पणजी शटल बसमध्ये होतात. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत, छत्रीपासून लांब.

नवं पुस्तक घ्यावंसं वाटलं, तर आधी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बघा. १८३२ पासूनचं हे ग्रंथालय आहे. तिथे बसून तीच दहा पानं वाचा, मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.

ऑक्टोबरात ऊन पडलं की दुसरी रांग खाली काढा.