पावागड पायथ्यापासून चढताय? या चुका टाळा

बडोद्याच्या माणसाला पावागड घरचाच डोंगर वाटतो. जेमतेम 50 किलोमीटरवर, विश्वामित्री तिथूनच उगम पावून आपल्या पुलांखालून वाहते, आणि लहानपणी आजीबरोबर रोप-वेने महाकालीचं दर्शन प्रत्येकाचं झालेलं असतं. म्हणून "या वेळी पायी जाऊ या" म्हटलं तरी लोक देवळाला निघाल्यासारखेच निघतात. डोंगराच्या मध्यावरच्या माचीपर्यंत गाडीने जाऊन पुढच्या पायऱ्या चढणं निराळं. पायथ्याच्या चांपानेरपासून अटक दरवाज्यातून जुन्या दगडी वाटेने माची आणि तिथून माथा, ही जवळपास 700 मीटरची चढाई आहे. दांडिया बाजारातली आमची मंडळी घेऊन मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी त्याच चुका बघते.

पहिली चूक: माळ्यावरचे बूट.

आमच्या वाड्यातल्या एका भावोजींनी पाच वर्षांपूर्वी घेतलेले महागडे ट्रेकिंग बूट खोक्यातून काढून आणले. अगदी कोरे. कौतुकाने मला दाखवलेसुद्धा. तेव्हाच तळ वाकवून बघायला हवा होता, पण पहाटे साडेचारला थर्मास भरायच्या गडबडीत राहून गेलं. अटक दरवाजा मागे पडला आणि फटाक-फटाक आवाज सुरू झाला. उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटून विश्वामित्रीतल्या मगरीसारखा आ वासून बसला होता. दहा मिनिटांत डाव्यानेही तेच केलं. मधला फोम नखाने खरवडला, तर चहात बुडवलेल्या खारीसारखा भुगा हातात आला.

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा खाऊन तो न वापरताही आतल्या आत कुजतो, आणि बंद खोक्यात, आपल्याकडचे चार-पाच पावसाळे काढून, तर हमखास. रोज पायात असलेला बूट उलट जास्त टिकतो. शेवटी मोबाइलच्या चार्जरच्या वायरने तळ बांधून भावोजी कसेबसे माचीला पोचले, तिथे रबरी चप्पल घेतली आणि रोप-वेने वर आले. वडे तळणाऱ्यासारखे घामाघूम आम्ही पोचलो तेव्हा ते लिंबू-सरबत पीत बसले होते. आता आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे बूट मी आमच्या ओट्यावर मागवते आणि एकेक वाकवून बघते. पोरं हसतात. हसू देत. पिशवीत सुतळी आणि चिकटपट्टीही ठेवते. नवेकोरे बूट घालून येणाऱ्यांनी आधी पंधरा दिवस कमाटीबागेत फेऱ्या माराव्यात.

दुसरी चूक म्हणजे शॉर्टकट, आणि यावर मी जरा जास्तच बोलते असं घरचे म्हणतात.

"काकू, वळणं घेत कशाला जायचं? या ओघळीतून सरळ वर गेलं की वीस मिनिटं वाचतील." ही वीस मिनिटं वाचवून पुढे काय करायचं असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. जुलैत एक पोरगा असाच सटकला. खाली बेसॉल्ट आणि माथ्याकडे ऱ्हायोलाइट असा हा ज्वालामुखीचा डोंगर. ओघळीत वरून आलेले सुटे धोंडे, त्यावर माती, त्यावर पावसाळी शेवाळ. चाळीसेक फूट तो माकडासारखा चढला आणि थांबला.

"काकू, वर हात पुरत नाहीये."

"मग खाली ये."

"खाली पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाहीये."

चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पोटाखाली जाते, एवढी साधी गोष्ट आहे. तेवढ्यात त्याच्या बुटाखालून नारळाएवढा दगड सुटला आणि आमच्या बाजूने उड्या मारत गेला. बाकीच्यांना मी आधी ओघळीच्या सरळ रेषेतून बाजूला घेतलं. मग त्याला खडकाकडे तोंड करायला लावलं आणि खालून सांगत राहिले: उजवा पाय वीतभर खाली, तिथे खाच आहे, आता हात हलव, हात-पाय मिळून तीन टेकलेले असल्याशिवाय चौथा हलवू नको. पाऊण तास गेला. त्या वेळात फुलांची टोपली डोक्यावर घेतलेल्या एक मासी दगडी वाटेने आमच्या शेजारून शांतपणे वर निघून गेल्या.

ओढणी किंवा टॉवेल खाली सोडून कुणाला ओढून घेण्याचा हुशारपणा करू नका. एकाचे दोन अडकतात. वाट चुकली असं वाटलं तर शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे या.

बाकीच्या चुका किरकोळ, पण त्रास देणाऱ्या. आठला निघू नका. मी पावणेपाचला गाडी सुरू करते, येईल त्याला घेऊन. पाणी माणशी तीन लिटर, आणि दुधिया तलाव बघायचा, प्यायचा नाही. थेपले प्लॅस्टिकच्या पिशवीत हातात मिरवले की वानरं हक्काने घेऊन जातात. नवरात्रात हा बेतच करू नका.

"दमलो तर रोप-वे आहेच" हेही मनात धरून निघू नका. वारा जोराचा असला की तो बंद ठेवतात, आणि दुपारी माथ्यावरचा वारा तुम्हाला विचारून येत नाही. गुडघ्यांची निम्मी ताकद उतरणीसाठी राखा. उतरताना पावलं लहान टाका, आणि आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर बुटाच्या टोकावर आपटून अंगठा काळा-निळा होतो.

वेळ हाताशी ठेवलात तर माचीजवळ 'सात कमान' या जुन्या दगडी कमानी नीट बघता येतात. नाव सात, उभ्या सहाच आहेत. अंधार पडण्याआधी खाली यायचं असलं तरी टॉर्च घ्या, आणि तो वेगळा घ्या. मोबाइलची बॅटरी तोवर माथ्यावरच्या फोटोंतच संपलेली असते.