तुटलेला तुकडा आधी वाचा, मग नवा भाग मागवा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना, जांबोटी मागे टाकून कणकुंबी जवळ आली असता, माझ्या टर्बो हॅचबॅकच्या डाव्या पुढच्या चाकापाशी ‘टण्’ असा एकच आवाज झाला आणि त्यानंतर प्रत्येक वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलू लागली. कंपनीचे सस्पेन्शन काढून मी बाजारातले कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र संच) आणि लांबी कमी-जास्त करता येणारे लिंक रॉड (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारे दांडे) बसवले होते. त्यांपैकी डावा लिंक रॉड तुटला होता. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे त्या अनुभवावरून आणि नंतरच्या खटाटोपावरून लिहीत आहे.

प्रथम गाडी सपाट जागी बाजूला घ्यावी, चाकांना दगड लावावेत आणि कोणता भाग तुटला आहे ते टॉर्च लावून पाहावे, कारण गाडी पुढे न्यायची की नाही हे त्यावरच ठरते. स्टॅबिलायझर बारचा लिंक रॉड तुटला असेल, तर लोंबणारे टोक टायरला किंवा ब्रेकच्या होजला लागणार नाही असे तारेने घट्ट बांधून गाडी सावकाश घरी आणता येते. चाकाला जागेवर धरणारे लोअर आर्म व बॉल जॉइंट किंवा चाक वळवणारा टाय रॉड यांपैकी काहीही तुटले किंवा वाकले असेल, तर मात्र गाडी एक फूटही हलवू नये, कारण चाक आतल्या बाजूला दुमडून स्टीअरिंग निकामी होऊ शकते. स्प्रिंग तुटली असेल तर तिचे टोक टायरच्या आतल्या भिंतीला घासते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि पुढच्या उतारावर टायर फुटतो. शॉकअपच्या वरच्या माउंटचा खडखडाट तुलनेने कमी धोक्याचा असला, तरी बॉनेट उघडून माउंटभोवतीचा पत्रा फाटलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय निघू नये.

गाडी उचलून न्यायची वेळ आली, तर सपाट फळीचीच गाडी मागवावी आणि आपली गाडी खाली बसवलेली आहे हे फोनवरच सांगावे, नाहीतर चढवताना पुढचा बंपर जातो. दोन लाकडी फळ्या डिकीत असल्या तर हे काम सोपे होते. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे निपाणी-संकेश्वर-बेळगाव पट्ट्यात, १०३३ हा मदत क्रमांक आहे. चोर्ल्याच्या बाजूला मात्र मला मोबाइलची रेंज मिळेपर्यंत बरेच चालावे लागले.

आता मुख्य गोष्ट. तुटलेला भाग गॅरेजच्या भंगारात जाऊ देऊ नये. दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्याने तुटलेल्या पृष्ठभागावरच्या खुणा घासल्या जातात. आधी दिवसाउजेडात जवळून फोटो काढावेत, मग तेलाचा हलका हात लावून तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. माझ्या लिंक रॉडचा तुटलेला भाग पाहिला तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभाग गंजाने काळपट झालेला होता, त्यावर वाळूत लाटांनी उमटावेत तसे बारीक कंस होते आणि उरलेला कोपरा तेवढा खडीसाखरेसारखा चमकत होता. याचा अर्थ असा की चीर कित्येक दिवस वाढत होती आणि त्या संध्याकाळी केवळ शेवटचा कोपरा तुटला. चीर आट्याच्या तळातून सुरू झाली होती. तिथली लॉक नट सैल होऊन रॉड आट्यांत हलत राहिला होता. त्याआधीचे दोन आठवडे येणारी बारीक टकटक मी गाडीतल्या जॅकवर ढकलली होती, ही चूक माझीच. याउलट पूर्ण पृष्ठभाग ताजा आणि भाग वाकलेला असेल, तर तो बहुधा खड्ड्याचा किंवा खुणा नसलेल्या गतिरोधकाचा मार असतो. ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर तो कुणालाही बसू शकतो. गाडी फार खाली बसवली असेल, तर शॉकअप वारंवार बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो आणि वरचे माउंट तुटते. तिथे नवे माउंट घालण्याआधी उंची वाढवली पाहिजे.

बेळगावात राहण्याचा एक तोटा म्हणजे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत हाताशी आहे. तिथल्या फाउंड्र्या आणि लेथवर काय होत नाही, असे आपल्याला वाटते, आणि मेस्त्रीही प्रेमाने म्हणतात, “साहेब, वेल्ड मारून देतो की, काय होत नाही.” त्यांच्या हातातल्या कौशल्याविषयी मला शंका नाही, शंका धातूविषयी आहे. उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा वेल्डालगतचा पट्टा आपले मूळ गुण गमावतो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. स्प्रिंग, लोअर आर्म आणि नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) यांना वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू देऊ नये. उद्यमबागेचा खरा उपयोग वेगळाच आहे: उरलेले भाग तिथे डाय पेनिट्रंट लावून तपासून घ्यावेत. लाल रंग चिरेत मुरतो आणि वर पांढरा थर दिला की डोळ्यांना न दिसणारी चीर लाल रेघ होऊन उमटते. माझा उजवा लिंक रॉड असाच नापास झाला.

विक्रेत्याशी बोलताना बिल, बसवल्याची तारीख आणि ते फोटो एकत्र लेखी पाठवावेत. मूळ तुकडा पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नये. दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो वा बेंगळुरूचा. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांवर निर्बंध आहेत आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा अडवू शकतो, हेही मनात धरावे.

बसवताना शॉकअप आणि स्प्रिंग एका अॅक्सलवर जोडीनेच बदलाव्यात. जुने काढण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. लिंक रॉडच्या आट्या व्यासाच्या किमान दीडपट आत असाव्यात, म्हणजे १२ मिलिमीटरच्या रॉडला १८ मिलिमीटर. आत नायलॉनचे कडे असलेल्या नट पुन्हा वापरू नयेत. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळले, तर जमिनीवर येताच बुश पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून गाडी स्वतःच्या वजनावर बसवूनच टॉर्क रेंचने शेवटचा पीळ द्यावा. “चालतंय की” हा आपल्याकडचा गोड शब्द इथे ऐकून घेऊ नये. त्यानंतर अलाइनमेंट करावी, प्रत्येक नटवर आणि लगतच्या धातूवर रंगाची एक सलग रेघ ओढावी आणि दीडशे-दोनशे किलोमीटर झाल्यावर गाडी उचलून त्या रेघा पाहाव्यात. जिथे रेघ मोडलेली दिसेल, ती नट सरकली आहे.