या चुका टाळा : फ्रेंच भाषकांना चकवणारे इंग्रजी 'गेट'

फ्रेंच मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी 'गेट' या क्रियापदासाठी आपल्या भाषेतला एकच प्रतिशब्द शोधू लागतो, आणि बहुतेकदा 'ऑब्तनीर', म्हणजे 'मिळवणे', यापाशी थांबतो. आईचे पत्र आले हे सांगताना मग तो 'आय ऑब्टेन्ड अ लेटर' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की पत्रासाठी त्याला बरीच खटपट करावी लागली असावी. याचे मूळ इतिहासात आहे. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि त्या वाटेने आलेले असे अनेक शब्द इंग्रजीत आजही औपचारिक मानले जातात, तर जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील लोकांच्या, भाषेतून आलेले 'गेट' रोजच्या बोलण्यात मुरले. फ्रेंच माणसाला जो शब्द घरचा वाटतो, तोच इंग्रजीत परका ठरतो, तो असा.

तरीही माझ्या मते खरी अडचण 'मिळणे' या अर्थाची नसून 'होणे' या अर्थाची आहे. लग्न करणे, वाट चुकणे, कपडे घालणे, चिडणे यांसाठी फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी 'स', म्हणजे 'स्वतःला', हे सर्वनाम येते. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेले की 'आय मॅरिड मायसेल्फ' असे वाक्य तयार होते, ज्याचा अर्थ 'मी स्वतःशीच लग्न केले' असा होतो. जिथे 'स' आहे आणि माणसाची अवस्था बदलते आहे, तिथे आधी 'गेट मॅरिड', 'गेट लॉस्ट', 'गेट ड्रेस्ड', 'गेट अँग्री' अशी रचना करून पाहावी.

दुसऱ्याकडून काम करवून घेतल्याचे सांगताना फ्रेंचमध्ये 'करणे' या अर्थाच्या 'फेर'ला लागूनच दुसरे क्रियापद येते, म्हणून 'आय मेड रिपेअर माय कार' अशी चूक होते. इंग्रजीत वस्तू मध्ये बसते : 'आय गॉट माय कार रिपेअर्ड'.

'आय हॅव गॉट अ कार' हे वाक्य फ्रेंच डोळ्यांना भूतकाळाचे दिसते, पण त्याचा अर्थ केवळ 'माझ्याकडे गाडी आहे' एवढाच असतो. गाडी मिळवल्याचे सांगायचे असल्यास अमेरिकी माणूस 'गॉटन' म्हणतो. बसमधून उतरण्यासाठी 'डिसेंड' न वापरता 'गेट ऑफ' म्हणावे.

मराठी वाचकाला ही अडचण आपल्या 'लागणे'वरून लगेच कळेल. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, दिवा लागतो आणि मूल रडू लागते. या सर्वांचा एकच अर्थ परकीयाला कसा सांगणार? म्हणून वहीत सुटे 'गेट' लिहून त्यापुढे अर्थांची रांग लावू नये; पूर्ण वाक्ये लिहावीत आणि शेजारी त्याच प्रसंगी घरी बोलले जाणारे फ्रेंच वाक्य ठेवावे.

नोकरीच्या अर्जात पदवीचा उल्लेख करताना मात्र 'ऑब्टेन्ड' बिनदिक्कत लिहावे, तिथे ते शोभून दिसते.