घटस्फोटाच्या अर्जाआधी: कागद, हिशेब आणि आहेराची वही

घटस्फोट घ्यायचा हे मनाशी ठरले की माणूस आधी वकील शोधतो, आणि वकील पहिल्याच भेटीत जे कागद मागतात ते नेमके दुसऱ्याच्या कपाटात असतात. म्हणून पुढील तयारी त्या भेटीच्या दोन-तीन महिने आधी, घरातील बोलणे अगदीच बंद पडण्यापूर्वी करावी. येथे मुख्यतः हिंदू विवाह कायदा, 1955 आणि महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालये डोळ्यांसमोर ठेवली आहेत. नोंदणी पद्धतीचा विवाह 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल, किंवा विवाहाला मुस्लिम, ख्रिस्ती वा पारशी व्यक्तिगत कायदा लागू असेल, तर कलमे बदलतात. कागद मात्र बहुतेक तेच लागतात.

सर्वप्रथम एक समज मनातून काढून टाकावा. लग्नानंतर कमावलेल्या सगळ्या मालमत्तेत पती-पत्नीचा आपोआप निम्मा-निम्मा वाटा असतो, असे महाराष्ट्रात नाही. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, दोघांची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विवाह संपल्यावर तिची निम्मी वाटणी होते. गोव्यातील नातेवाइकांचा अनुभव ऐकून आपल्याकडेही तसेच असेल असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, तिचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले आणि ते कागदावर दाखवता येते का, या तीन प्रश्नांवर बरेचसे अवलंबून असते. हिंदू विवाह कायद्याचे कलम 27 न्यायालयाला वाटणीचा अधिकार देते खरे, परंतु तो विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरता आहे.

कागद कोणत्या क्रमाने लावावेत याचा आराखडा आयता उपलब्ध आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दिलेल्या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यावे लागते. हा नमुना मिळवून त्याची छापील प्रत पेन्सिलीने भरून पाहावी. जेथे रकाना रिकामा राहील, तो कागद अजून मिळवायचा आहे असे समजावे. शपथपत्रात खोटे लिहिल्यास कारवाई होऊ शकते आणि हा नियम अर्ज करणाऱ्यालाही लागू आहे. आपली मुदत ठेव लपवून समोरच्याची उघड करण्याचा मोह काहींना होतो, पण उलटतपासणीत असे करणाऱ्याच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

उत्पन्नाच्या कागदांत स्वतःची किमान तीन वर्षांची विवरणपत्रे, फॉर्म 16, पगारपत्रके आणि सर्व खात्यांचे उतारे काढून ठेवावेत. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण जरूर उतरवून घ्यावे, कारण विसरलेली ठेव किंवा जुने शेअर तेथे हमखास सापडतात. जोडीदाराच्या बाबतीत, घरात उघडपणे येणारी पत्रे, संयुक्त खात्यांचे उतारे, पूर्वी दोघांनी मिळून केलेल्या कर्ज-अर्जाच्या प्रती आणि व्यवसाय असल्यास भागीदारीपत्र यांची छायाचित्रे घ्यावीत. गृहकर्जाच्या अर्जात माणूस आपले उत्पन्न कधीच कमी लिहीत नाही, म्हणून पोटगीच्या वेळी तो अर्ज फार बोलका ठरतो. दुसऱ्याचा ईमेल किंवा नेट बँकिंग त्याच्या पासवर्डने उघडण्याच्या फंदात मात्र पडू नये. हवे ते दस्तऐवज हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता येतो. मोबाइलवरील संदेश किंवा इतर इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून द्यायच्या असतील, तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ संदेश आणि शक्यतो तो फोनही जपून ठेवावा.

खर्चाचा हिशेब हा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि म्हणूनच तो बहुतेकांकडून राहतो. पोटगी मागणाऱ्याला महिन्याला किती लागतात हे विचारले की घाईघाईत एक गोल आकडा सांगितला जातो, आणि समोरचे वकील तो दोन प्रश्नांत पाडतात. त्याऐवजी तीन महिने साधी वही ठेवावी. किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च, मुलांची फी आणि रिक्षा किंवा स्कूलबस, औषधे, सासूबाईंच्या तपासण्या, कामवाल्या मावशींचा पगार आणि त्यांची दिवाळी, हे सारे त्यात यावे. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचा हप्ता, शाळेची पुस्तके-गणवेश, गावी जाण्याचे भाडे, हे बाराने भागून मासिक आकड्यात मिळवावेत. हा बारावा हिस्सा विसरल्यामुळे अनेकांची मागणी मुळातच कमी बसते. वेगळे राहिल्यावर नव्याने लागणारे भाडे आणि अनामत यांचे पान स्वतंत्र ठेवावे.

आता स्त्रीधनाविषयी थोडे सविस्तर. विवाहाच्या आधी, विवाहात आणि नंतर स्त्रीला मिळालेले दागिने, भेटी, रोख रक्कम ही तिच्या पूर्ण मालकीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. सासरच्या कपाटात किंवा पतीच्या लॉकरमध्ये ठेवल्याने ती मालकी बदलत नाही. तत्त्व निर्विवाद आहे, अडते ते सिद्ध करताना. येथे आपल्याकडची एक जुनी चीज उपयोगी पडते, ती म्हणजे आहेराची वही. मांडवात कोपऱ्यातील टेबलाशी बसून एखादे काका नाव, गाव, पाकिटातील रक्कम किंवा वस्तू लिहीत असतात. तीच वही, तारखेसह, त्या वेळी केलेली नोंद म्हणून कितीतरी वर्षांनी कामी येते. ती बहुधा माहेरच्या माळ्यावर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात असते, तेथून ती काढावी.

त्यानंतर एक निवांत दुपार ठरवून दागिन्यांची यादी करावी. साध्या कापडावर प्रत्येक दागिना वेगळा मांडून छायाचित्र घ्यावे आणि शेजारी लग्नाच्या अल्बममधील तोच दागिना अंगावर दिसणारे छायाचित्र ठेवावे: पाटल्या, तोडे, गोठ, ठुशी, मोहनमाळ, मंगळसूत्र असे एकेक. सराफाची पावती असेल तर ती जोडावी. नसेल तर ज्या पेढीत केले तेथे जुन्या बिलाची प्रत मागावी, आणि तीही न मिळाल्यास विश्वासातल्या सराफाकडून वजन आणि शुद्धता लिहून घ्यावी. यादीत कोणी दिले हा रकाना हवाच, कारण माहेरचे आणि सासरचे असा वाद पुढे निघतोच. सासरने सुनेच्या अंगावर घातलेला दागिनाही तिला भेट म्हणून दिला असेल तर तो स्त्रीधनच होय. मोडून नवे केलेल्या दागिन्याची मूळ नोंद आणि नवी नोंद दोन्ही लिहाव्यात. लॉकर संयुक्त असेल तर बँकेत कोण कधी गेले याची नोंद असते, हे ध्यानात ठेवावे, आणि स्वतःचे दागिने स्वतःच्या लॉकरमध्ये हलवताना माहेरचे एखादे माणूस सोबत ठेवून यादीवर दोघांच्या सह्या कराव्यात. केरळमधील एका प्रकरणात लग्नानंतर दागिने ताब्यात घेऊन ते परत न करणाऱ्या पतीला सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पंचवीस लाख रुपये देण्यास सांगितले. तरी असे निकाल वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर येतात.

घराबाबत तीन कागद पाहावेत: नोंदणीकृत करारनामा, नोंदणी खात्याची सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट. या तिन्हींवर नावे सारखी असतीलच असे नाही. कर्ज संयुक्त असेल तर बँकेच्या दृष्टीने दोघेही पूर्ण रकमेला जबाबदार आहेत, आणि पुढचे हप्ते पती भरेल असे आपसांत ठरले तरी ते बँकेवर बंधनकारक नाही. हप्ता थकला तर सिबिलचा आकडा दोघांचाही घसरतो. म्हणून एकाने घर ठेवायचे असल्यास दुसऱ्याचे हक्कसोडपत्र आणि बँकेकडून कर्जातील नाव कमी झाल्याचे पत्र ही दोन्ही कामे एकाच दमात व्हावीत. नुसते हक्कसोडपत्र दिल्याने घर जाते आणि कर्ज राहते. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नीमध्ये बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे (नोंदणी शुल्क आणि स्थानिक अधिभाराचा हिशेब वेगळा), पण ही सवलत पती-पत्नी या नात्यावर उभी असल्याने घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर (न्यायालयाच्या अंतिम आदेशानंतर) तिचा आधार घेता येत नाही. प्राप्तिकरात पती-पत्नीतील भेटीला असलेली सूटही याच नात्यावर आहे. कोणता दस्त आधी, कोणता नंतर, हे वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांना एकत्र बसवून ठरवून घ्यावे.

घर सासूसासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यात हिस्सा मिळत नाही; मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरातील निवासाचा हक्क मागता येतो, आणि ते घर सासरच्यांचे असले तरी तो नाकारता येत नाही, असे 2020 च्या सतीश चंदर आहुजा प्रकरणात ठरले. गावाकडच्या शेतीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढावेत. पती हयात असताना त्याच्या वडिलोपार्जित जमिनीत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नसली, तरी त्या जमिनीचे उत्पन्न पोटगी ठरवताना मोजता येते.

संयुक्त बचत खाते एकाच्या सहीने चालणारे असेल तर ते रात्रीतून रिकामे होऊ शकते. बँकेला लेखी पत्र देऊन खाते दोघांच्या सहीनेच चालावे असे कळवावे आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. स्वतःच्या एकट्याच्या नावाचे खाते, शक्यतो वेगळ्या बँकेत, आधीच उघडावे. पुरवणी क्रेडिट कार्ड बंद करावे. आपण कोणाच्या कर्जाला जामीन राहिलो आहोत का, हे पतसंस्थेसह सगळीकडे तपासावे. पतमापन करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

जोडीदाराच्या नोकरीतील मेडिक्लेमवर आपण असू तर विवाह संपताच ते संरक्षण जाते, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. स्वतःची पॉलिसी त्यामुळे अर्जाच्या आधी घेतलेली बरी. पतीची एखादी आयुर्विमा पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेली आहे का ते पाहावे, कारण अशी पॉलिसी पत्नी-मुलांसाठीचा न्यास ठरते आणि पतीला ती परस्पर फिरवता येत नाही. मुलीचे सुकन्या समृद्धी खाते वडिलांच्या पालकत्वाखाली असेल तर पासबुकाची प्रत घ्यावी आणि पुढे हप्ते कोण भरणार हे अटींत लिहून घ्यावे.

पोटगी एकरकमी घ्यावी की मासिक, याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के हा आकडा 2017 च्या एका निकालात योग्य मानला गेला आणि तेव्हापासून तो नियम असल्यासारखा फिरतो. तो नियम नाही. एकरकमी पोटगी साधारणतः भांडवली प्राप्ती मानली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, मासिक पोटगी मात्र घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात घेतली आहे. महागाईचेही गणित करावे. महिन्याला 20,000 रुपये कायमचे ठरले आणि महागाई सहा टक्के राहिली, तर दहा वर्षांनी त्यांची किंमत आजच्या सुमारे 11,000 इतकीच उरते. म्हणून वाढीचे कलम मागावे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका प्रकरणात 50,000 रुपये मासिक पोटगी आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा आदेश दिला आहे. देणाऱ्याची नोकरी डळमळीत असेल किंवा तो परदेशी जाण्याच्या बेतात असेल, तर माझ्या मते थोडी कमी पण एकरकमी रक्कम शहाणपणाची. मासिकच घ्यायची झाल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली ती रक्कम स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून नोंदवण्याची मागणी करता येते.

खर्चाची धास्ती असल्यास हे माहीत असावे की विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्च व अंतरिम पोटगी मागता येते. हे कलम पतीलाही खुले आहे.

परस्पर संमतीचा अर्ज असेल तर एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या, अंतिम जबाबासाठी सहा महिने थांबावे लागते. 2017 च्या अमरदीप सिंग निकालापासून योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते. अटींच्या मसुद्यात रकमेचे टप्पे तारखांसह असावेत, शेवटचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) दुसऱ्या जबाबाच्या दिवशी न्यायालयातच हाती पडावा, आणि दागिने परत केल्याची यादी वजनासह मसुद्याला जोडलेली असावी. मुलांची पोटगी आईने सोडून दिली असे वाक्य कोणी घातले तर ते खोडावे. तो हक्क मुलांचा आहे.

हुकूमनाम्याच्या निदान चार प्रमाणित प्रती घ्याव्यात, कारण बँक, सोसायटी, पासपोर्ट कार्यालय आणि विमा कंपनी प्रत्येकी एक मागते. भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, डिमॅट, विमा आणि बचत खाते यांवरील नामनिर्देशन त्याच आठवड्यात बदलावे, शिधापत्रिकेतील नावाचा अर्ज द्यावा, आणि मृत्युपत्र केलेले असेल तर नवे करावे, कारण घटस्फोटाने जुने मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही.